औषधाआधी ओळख : निदान-पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

४ जून

पुस्तिकेचा आराखडा आज नक्की झाला. तीन विभाग : तळं, गोठा, शेत. रोग मोजकेच घ्यायचे, पण प्रत्येकाची पूर्ण हकीकत द्यायची. पहिल्यांदा काय दिसलं, संशय कशाकशावर गेला, खरं कारण कोणत्या पुराव्यावर ठरलं आणि ते कळल्यावर उपाय कुठे वळला. 'लक्षण आणि औषध' अशा दोन रकान्यांची कोष्टकं ढिगाने मिळतात. त्यात मधला रस्ताच नसतो. माणूस लक्षण बघतो आणि थेट बाटलीला हात घालतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं संशोधन चाळताना एक गोष्ट ठसत गेली. कारण नेमकं सापडलं की उपाय बहुतेक वेळा बाटलीपासून लांब सरकतो : तळ्याच्या तळाशी, बियाण्यात, माश्यांच्या बंदोबस्तात, लशीत. पुस्तिका याच सूत्रावर उभी राहील. सोबत पशुवैद्यक मॅडम, मत्स्यरोगतज्ज्ञ सर आणि चित्रं काढणारी सहकारी आहे.

९ जून

सुरुवात कोळंबीपासून. ए.एच.पी.एन.डी., म्हणजे कोळंबीच्या यकृत-स्वादुपिंडाचा तीव्र ऱ्हास. २००९ मध्ये चीनमध्ये दिसला, मग व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड असं करत २०१३ मध्ये मेक्सिकोत पोहोचला. बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडल्यावर महिनाभरात तळीच्या तळी रिकामी होत होती.

कारण सापडायला काही वर्षं गेली. विषाणूचा संशय घेऊन झाला, खाद्यातल्या विषाचा झाला, व्हिएतनाममध्ये सायपरमेथ्रिन या कीटकनाशकावरही बोट ठेवलं गेलं. संशय निराधार नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली यकृत-स्वादुपिंडाच्या नलिकांचं अस्तर गळून पडलेलं दिसायचं, पण सुरुवातीच्या अवस्थेत त्या जागी एकही जंतू सापडायचा नाही. जंतू नाही आणि पेशी मरताहेत, म्हणजे विषबाधा, असं कुणालाही वाटेल.

२०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने कोडं सोडवलं. दोषी जीवाणू विब्रिओ पॅराहीमोलिटिकस. तो कोळंबीच्या जठरात ठाण मांडतो आणि तिथून विष सोडतो. नासधूस होते ती यकृत-स्वादुपिंडात. जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव दिलं तरी अस्तर तसंच गळलं. विषबाधेचा तर्क बरोबर होता, फक्त विष बनवणारा कारखाना कोळंबीच्या पोटात होता. हा परिच्छेद पुस्तिकेत जसाच्या तसा जाणार.

१० जून

कालचंच पुढे, कारण यातली सगळ्यात मोलाची माहिती २०१५ च्या तैवानी-थाई अभ्यासात आहे. या जीवाणूच्या सगळ्याच वाणांमुळे हा रोग होत नाही. विषाची जनुकं सुमारे ७० हजार बेस जोड्यांच्या एका प्लाझ्मिडवर असतात, म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर. कडं असेल तर वाण मारक, हरवलं तर निरुपद्रवी. हेच कडं विब्रिओच्या इतर जातींतही आढळलं आहे. म्हणून 'तळ्यात विब्रिओ आहेत का' या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. खाऱ्या पाण्यात विब्रिओ असणारच. पी.सी.आर. चाचणीत शोधायची ती विषाची जनुकं, पिर-ए आणि पिर-बी.

या विषाची घडण पाहून मी थक्क झालो. पिर प्रथिनांचे नातेवाईक फोटोऱ्हॅब्डस नावाच्या, किडे मारणाऱ्या जीवाणूत आहेत. दोन्ही प्रथिनं मिळून होणारा आकार बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या क्राय प्रथिनासारखा आहे. तेच क्राय प्रथिन, जे बीटी कपाशीत बोंडअळीच्या आतड्याला भोकं पाडतं. कपाशीच्या शेतात पिकाला वाचवणारी युक्ती तळ्यात कोळंबीला मारते. कोळंबी आणि अळी दोघीही संधिपाद, त्यामुळे हे साम्य समजण्यासारखं आहे. तळं आणि शेत हे दोन विभाग जोडणारा याहून चांगला दुवा मला मिळणार नाही.

१३ जून

आज सरांच्या प्रयोगशाळेत. चित्रांसाठी यकृत-स्वादुपिंड प्रत्यक्ष पाहायचं होतं. निरोगी कोळंबीत ते गडद तपकिरी दिसतं आणि बोटाने दाबलं की सहज चिरडतं. सरांनी त्याचा कणभर तुकडा काचपट्टीवर ठेवला, खाऱ्या पाण्याचा थेंब टाकला, वर आवरणकाच ठेवून हलकेच दाबली. नलिका भरलेल्या, आत स्निग्धाचे चमकदार थेंब दाटीवाटीने बसलेले. मग रोगट नमुन्याची जपून ठेवलेली पट्टी लावली. नलिका जागोजागी आवळलेल्या आणि स्निग्धाचे थेंब जवळजवळ नाहीतच.

"हे थेंब म्हणजे तिची शिदोरी," सर म्हणाले. "शिदोरी संपली की दुसऱ्या दिवशी काय होणार ते सांगायला यंत्र लागत नाही."

बाहेरून दिसणारी चिन्हं चित्रात घ्यायची : फिकट, आकसलेलं यकृत-स्वादुपिंड, त्यावर काळ्या रेघा किंवा ठिपके, रिकामं जठर आणि आतडं, मऊ कवच. आणि बोटाने दाबलं तर चिवट लागणं. शेवटची खूण पुस्तकांत कोपऱ्यात असते, पण तळ्याच्या बांधावर उभ्या माणसाला तीच सगळ्यात उपयोगी. तिचं चित्र मोठं हवं.

१५ जून

उपायांचं पान. २०१४ मध्ये पीटर डी श्रायव्हर आणि सहकाऱ्यांनी मांडलेला विचार आधी घेतला. बीज सोडण्यापूर्वी तळं पूर्ण निर्जंतुक करण्याची पद्धत या रोगात उलटी पडू शकते. जंतुनाशकाने सगळेच सूक्ष्मजीव मरतात. मग रिकाम्या, अन्नाने भरलेल्या पाण्यात सगळ्यात झपाट्याने वाढणारा जीव पुढे जातो. विब्रिओ पॅराहीमोलिटिकस अनुकूल स्थितीत दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. त्याच्यासाठी आपण मैदान मोकळं करून देतो. त्याऐवजी पाणी मुरू द्यायचं, सावकाश वाढणारे सूक्ष्मजीव आधी जम बसवतील असं पाहायचं, तळाचा गाळ काढायचा, खाद्य मोजून द्यायचं, तपासलेलं बीज घ्यायचं. तिलापिया मासे ठेवलेल्या तळ्यातलं हिरवं पाणी वापरण्यामागेही हाच विचार आहे.

प्रतिजैविकाबद्दल एकच ओळ पुरेशी : जंतू मेला तरी पोटात सुटलेलं विष काही परत घेता येत नाही, आणि प्रतिकारक्षम वाण मात्र मागे राहतात.

१८ जून

ई.एच.पी. हा वेगळ्याच स्वभावाचा रोग. कोळंबी मरत नाही, वाढत नाही. एकाच तळ्यात बोटाएवढी आणि निम्म्या मापाची कोळंबी सोबत दिसते. मायक्रोस्पोरिडिया गटातला हा परजीवी २००९ मध्ये थायलंडमध्ये टायगर कोळंबीतून वर्णन झाला. हा गट बुरशीच्या कुळाजवळचा, त्यामुळे जीवाणूंवरची औषधं इथे कुचकामी.

त्याच्या जनुकांचा अभ्यास वाचताना कारण लख्ख कळतं. साखर फोडून ऊर्जा मिळवण्याची जी साखळी जवळपास सगळ्या सजीवांत असते, तीच या कुळाने गमावली आहे. तो पेशीत शिरून तिची तयार ऊर्जा उचलतो. कोळंबी खाते, आणि वाढीसाठी उरत नाही. 'खाद्य संपतंय पण वजन येत नाही' या तक्रारीमागे हे घडत असू शकतं, हे उत्पादकाला समजलं तर तो आणखी महागडं खाद्य घालणार नाही. बीज आणि विष्ठा तपासून घेईल.

बीजाणू चिवट असतात, म्हणून काम दोन पिकांच्या मधल्या काळात होतं. शिफारस अशी : तळं वाळवायचं, हेक्टरी ६ टन कळीचा चुना १० ते १२ सेंटीमीटर खोल मिसळायचा, मग माती ओली करायची, म्हणजे सामू १२ च्या वर जातो. नेहमीचा शेतीचा चुना इथे चालत नाही. त्याने सामू एवढा चढतच नाही. ही ओळ ठळक.

१९ जून

चित्रांची पहिली तुकडी आली. उत्तम.

२३ जून

माशांसाठी नॉर्वेचं उदाहरण घेतलं. १९८७ मध्ये तिथल्या मत्स्यपालनात जवळपास ५० टन प्रतिजैविकं लागली. आज सॅमनचं उत्पादन दहा लाख टनांच्या कितीतरी वर गेलंय आणि प्रतिजैविकांचा वापर वर्षाला एक टनाच्याही खाली आहे. बदल घडवला लशींनी, विशेषतः १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या, फुरुंक्युलोसिस या माशांच्या जीवाणूजन्य रोगावरच्या तेलयुक्त लशीने. पिल्लं समुद्रात सोडण्याआधी एकेका माशाच्या पोटात टोचतात. जोडीला जागा काही काळ मोकळी ठेवणं आणि एका वयाचे मासे एकत्र वाढवणं. लशीचे दुष्परिणामही आहेत, पोटात अवयव एकमेकांना चिकटतात. आणि समुद्री उवांचा प्रश्न अजून तसाच आहे. दोन्ही गोष्टी लिहायच्याच. यशोगाथेतला अडचणीचा भाग कापला की वाचणाऱ्याचा विश्वास जातो.

सरांनी इथे एक इशारा जोडायला सांगितला. हे वाचून 'मग कोळंबीची लस कुठे मिळेल?' असं लोक विचारतील. कोळंबीत आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत, त्यामुळे माशाची वाट तिला जशीच्या तशी लागू नाही. म्हणूनच तिच्या बाबतीत बीज, पाणी आणि तळ यांवर एवढा भर.

२७ जून

गोठ्याकडे वळलो. सुप्त कासदाह. गाय खाते-पिते, कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, आणि तरी एखाद्या सडात संसर्ग चालू.

आज मॅडमनी सी.एम.टी., म्हणजे कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट ही कासदाहाची चाचणी, करून दाखवली. चाचणी १९५७ ची, तरी आजही गोठ्यात हिच्याइतकी हाताशी दुसरी नाही. चार वाट्यांची पांढरी पाटी. प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा बाजूला टाकून पुढचं दूध आपापल्या वाटीत. पाटी तिरकी करून जास्तीचं दूध ओघळू दिलं, तेवढंच द्रावण घातलं आणि आडव्या चकरा दिल्या. तीन वाट्यांत जांभळट पाणी नुसतं फिरत राहिलं. मागच्या डाव्या सडाच्या वाटीत मात्र पाच-सात सेकंदांत लोळा जमू लागला आणि वाटीच्या मध्यभागी गोळा झाला. पाटी कलंडली तर तो सगळा एकसंध घसरला. मालकीणबाई इतका वेळ लांबून बघत होत्या, त्या जवळ आल्या. "याच सडाचं दूध मी रोज सगळ्यांत मिसळते," त्या म्हणाल्या.

लोळा कशाचा? द्रावणातला साबणासारखा घटक दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतो आणि त्यांचा डीएनए बाहेर येऊन चिकट जाळं होतं. पेशी जितक्या जास्त तितका लोळा घट्ट. एका मिलिलिटरमागे २ लाखांहून जास्त पेशी असल्या की सडात संसर्ग असण्याचा दाट संभव. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गाईत पेशी एरवीही वाढतात, म्हणून तेव्हाचा निकाल जपून वाचायचा.

३० जून

मॅडमशी लांब चर्चा. मुद्दा : लोळा दिसला की लगेच सडात प्रतिजैविकाची ट्यूब चढवायची का?

त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. लोळा एवढंच सांगतो की शरीर लढतंय. कुणाशी, ते सांगत नाही. स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टी असेल तर पेनिसिलीनने चांगला गुण येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेच्या उतीत खोल दडून बसतो, जुना झाला की औषधाला दाद देत नाही. सौम्य ई. कोलाय कासदाहात गाय पुष्कळदा स्वतःच जंतू संपवते. उत्तर अमेरिकेतला २०११ चा एक अभ्यास त्यांनी दाखवला : सौम्य आणि मध्यम कासदाहात गोठ्यातच दुधातले जंतू एक दिवस वाढवून, ओळखून मगच औषध ठरवलं, तर कासेत सोडायच्या प्रतिजैविकांचा वापर निम्म्यावर आला आणि गाई बऱ्या होण्यात फरक पडला नाही. एक दिवस थांबायचं, एवढंच. गाय तापलेली, बसलेली, धार पाण्यासारखी असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच घडीला पशुवैद्यक बोलवायचा. ही चौकट लाल.

दुसरा मुद्दा गाय आटवतानाचा. सगळ्या गाईंना सरसकट प्रतिजैविक देण्याची पद्धत कित्येक वर्षं चालली. आता निवडक उपचार पुढे आला आहे : पेशी कमी, संसर्गाचा इतिहास नाही, अशा गाईच्या सडात फक्त बिस्मथ सबनायट्रेटचा सीलंट, म्हणजे सडाचं तोंड बंद करणारा लेप. युरोपीय संघात २८ जानेवारी २०२२ पासून प्रतिजैविकांचा नियमित प्रतिबंधक वापर बंदच झाला आहे.

३ जुलै

'एवढी काटकसर कशाला?' या प्रश्नाचं उत्तर एकाच पानात द्यायचं होतं, ते कोलिस्टिनच्या उदाहरणात मिळालं. माणसातल्या हट्टी संसर्गांवर अखेरीस वापरायचं हे औषध चीनमध्ये डुकरांना वाढीसाठी खाद्यातून दिलं जायचं. २०१५ च्या शेवटी तिथल्या संशोधकांनी एम.सी.आर.-१ जनुक जाहीर केलं. कोलिस्टिनला निकामी करणारं आणि प्लाझ्मिडवर बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारं. २०१७ मध्ये चीनने वाढीसाठीचा वापर थांबवला. पुढच्या अभ्यासात डुकरांमधल्या ई. कोलायमधलं कोलिस्टिन-प्रतिकाराचं प्रमाण २०१५-१६ च्या ३४ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ५.१ टक्क्यांवर आलेलं दिसलं. भारतानेही २०१९ मध्ये अन्न देणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

हा आकडा मला मनापासून आशा देतो. प्रतिकार वाढला की वाढलाच, आता हातात काही नाही, असं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

८ जुलै

लम्पी. १९२९ मध्ये आजच्या झांबियात प्रथम नोंद, भारतात २०१९ मध्ये, आणि २०२२ मधली मोठी साथ सगळ्यांच्या लक्षात आहे. विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा सख्खा. माणसाला होत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहायचं, कारण या भीतीपोटी दूध ओतून देणारी माणसं आहेत.

वाचनातून दोन गोष्टी ठळक झाल्या. एक, गाठींमध्ये विषाणू रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतो. गाठी असलेल्या जनावराला चावलेली गोठ्यातली माशी किंवा डास तो पुढे नेतो; गाठी नसलेल्या संसर्गित जनावरापासून हा धोका खूप कमी. म्हणजे गाठ दिसताच वेगळं बांधणं आणि माश्या आवरणं हीच तातडीची कामं. प्रतिजैविक दिलं तर ते फुटलेल्या गाठींतल्या जीवाणूंसाठी, विषाणूसाठी नाही. दोन, लस. बाल्कन भागात लम्पीच्याच विषाणूच्या नीथलिंग वाणाच्या लशीने व्यापक लसीकरण झालं आणि प्रादुर्भाव २०१६ मधल्या ७,४८३ वरून २०१७ मध्ये ३८५ वर आले. भारतात शेळी-देवीची लस वापरली गेली, शिवाय हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी इथल्याच विषाणूपासून लम्पी-प्रोव्हॅक-इंड ही लस विकसित केली.

लशीच्या शुद्धतेबद्दलही लिहायचं ठरलं. २०१७ पासून रशियात आणि मग पूर्व आशियात लशीच्या वाणांची सरमिसळ झालेले विषाणू सापडले, आणि तपासात एका लशीतच अनेक वाणांचं मिश्रण निघालं. मॅडमना भीती होती की हे वाचून लोक लसच टाळतील. माझं मत, हे सांगूनच लसीचा आग्रह धरायला हवा : तपासलेली, शीतसाखळीत ठेवलेली लसच मागा. शेवटी त्यांनी मान्य केलं, पण बाल्कनचा आकडा आधी आणि हा परिच्छेद नंतर, या अटीवर.

१४ जुलै

शेताच्या विभागात एकच रोग, गव्हाचा ब्लास्ट हा बुरशीचा रोग. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये, २०१६ च्या फेब्रुवारीत अचानक बांगलादेशात. सुमारे १५ हजार हेक्टर बाधित. ओंबी वरून पांढरी पडते आणि दाणा भरत नाही, लांबून पीक पिकल्यासारखं वाटतं.

तोफज्जल इस्लाम, सोफियन कामून आणि सहकाऱ्यांनी बाधित पानांचे नमुने घेऊन आतल्या जनुकीय मजकुराचं थेट वाचन केलं आणि माहिती लगेच सगळ्यांना खुली केली. काही आठवड्यांत उत्तर आलं : ही बुरशी तिथल्या भातावरची नव्हे, दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या वंशातली आहे. २०२३ च्या अभ्यासात झांबियात गव्हावर आलेला आणि बांगलादेशातला रोग एकाच वंशाचा निघाला. तो वंश स्ट्रोबिल्युरिन बुरशीनाशकांना अजून दबतो आणि गव्हातलं आर.एम.जी.-८ हे प्रतिकारक जनुक त्याला ओळखतं, हेही त्यातच कळलं. ब्राझीलमधल्या बुरशीत त्या औषधांना प्रतिकार आला आहे, त्यामुळे नुसत्या फवारणीवर विसंबणं धोक्याचंच. बांगलादेशाने २०१७ मध्ये बारी गम ३३ हे सहनशील वाण आणलं. त्यात एजिलॉप्स या रानटी गवताच्या गुणसूत्राचा तुकडा आहे.

१७ जुलै

शेवटचं पान नमुना घेण्याचं. माझ्या दृष्टीने पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नमुना बिघडला तर पुढची प्रयोगशाळा कितीही चांगली असो, हाती काही लागत नाही. आज सर आणि मॅडम दोघांनी ओळ न् ओळ तपासली.

कोळंबी : मेलेली नको, मरणपंथाला लागलेली घ्या. यकृत-स्वादुपिंड मेल्याबरोबर विरघळू लागतं, म्हणून ऊतितपासणीसाठी जिवंतपणीच त्यात ऊती टिकवून धरणारं डेव्हिडसनचं द्रावण टोचा. एक ते तीन दिवसांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. पी.सी.आर. साठी वेगळे नमुने, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. दूध : सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, पहिल्या धारा टाका, नळी आडवी धरा, झाकण जमिनीकडे तोंड करून हातातच ठेवा, बर्फात पाठवा. लम्पी : गळालेल्या खपल्या स्वच्छ बंद डबीत, विषाणू त्यांत महिन्याहून अधिक टिकतो, त्यामुळे गोठ्यात पडलेल्या खपल्याही गोळा करून जाळा. ओंबी : कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि भलतीच बुरशी वाढते.

प्रत्येक नमुन्यावर तारीख, ठिकाण, जनावराचं किंवा पिकाचं वय, आणि आधी कोणतं औषध दिलं ते. शेवटची माहिती लोक लपवतात, म्हणून तिच्याखाली कारण छापतोय : प्रतिजैविक दिल्यानंतर घेतलेल्या दुधात जंतू वाढत नाहीत आणि अहवाल 'संसर्ग नाही' असा चुकीचा येतो.

मजकूर उद्या मांडणीला. पुढच्या आठवड्यात कच्च्या प्रती मालकीणबाईंना आणि दोन कोळंबी उत्पादकांना वाचायला द्यायच्या आहेत. जिथे ते अडतील तिथे वाक्य बदलायचं.